कोडी सोडवण्याची आवड आणि बोधनिक मानसशास्त्र

प्रश्न : मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. गणिताची आणि तर्काची कोडी सोडवण्यात माझे तासन्‌तास जातात. माणूस विचार कसा करतो याचा अभ्यास करणाऱ्या बोधनिक मानसशास्त्राकडे वळावे, असे मला वाटते. घरच्यांच्या मते मानसशास्त्र घेतले तर पुढे समुपदेशनच करावे लागेल आणि गणित वाया जाईल. मी काय निर्णय घ्यावा?

उत्तर : तुमच्या घरच्यांची शंका प्रामाणिक आहे, परंतु ती मानसशास्त्राच्या एका भागापुरतीच खरी आहे. बोधनिक मानसशास्त्र अवधान, स्मृती, भाषा आणि तर्क यांचा प्रयोगांतून अभ्यास करते. तेथे प्रतिसादाला लागलेला वेळ मिलिसेकंदांत मोजला जातो आणि संख्याशास्त्राशिवाय एकही निष्कर्ष मांडता येत नाही. ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी 1950 च्या दशकात माणसाच्या समस्या सोडवण्याच्या रीतीवर आधारित संगणकीय आज्ञावली तयार केल्या. त्यामुळे गणिताची आणि प्रोग्रॅमिंगची ओढ या क्षेत्रात उपयोगीच पडेल.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तुमच्या आवडीचा प्रश्न. कोडे सुटल्याचा आनंद आणि कोडे सोडवणाऱ्या माणसाविषयीचे कुतूहल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयाला दुसरीची गरज अधिक असते. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लचिन्स यांनी 1942 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. 21, 127 आणि 3 मापांची तीन भांडी वापरून 100 माप पाणी मोजायचे असेल, तर मोठे भांडे भरून त्यातून पहिल्या भांड्याने एकदा आणि तिसऱ्याने दोनदा पाणी काढावे लागते. याच रीतीने सुटणारी काही उदाहरणे ओळीने दिल्यावर लचिन्स यांनी 23, 49 आणि 3 मापांच्या भांड्यांतून 20 माप मोजायला सांगितले. येथे 23 मधून 3 वजा केले की काम होते. तरीही बहुतेकांनी सवयीचा लांबचा मार्गच धरला, आणि ज्यांनी आधीची उदाहरणे सोडवलीच नव्हती त्यांना मात्र सोपा मार्ग सहज दिसला. हे वाचून तुमचे मन 20 या उत्तरावर थांबते, की आधीच्या यशानेच माणसाची दृष्टी कशी बांधली गेली याकडे वळते, हे स्वतःशी नीट तपासा.

असाच विचार करायला लावणारे काम मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केले. भौतिकशास्त्राच्या उदाहरणांचे गट पाडायला सांगितल्यावर नवख्या विद्यार्थ्यांनी उतरण किंवा स्प्रिंग अशा वरवर दिसणाऱ्या गोष्टींवरून ते पाडले, तर तज्ज्ञांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेसारख्या मूलतत्त्वांवरून. म्हणजे समस्या सोडवायला घेण्यापूर्वी ती मनात कशी मांडली जाते, यातच पुष्कळसे ठरून जाते. शिक्षणाच्या दृष्टीने मला हा या विषयाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

निर्णयापूर्वी एक काम अवश्य करा. दोन-तीन ओळखीच्यांना एखादे कोडे द्या, सोडवताना मनात येईल ते सर्व मोठ्याने बोलायला सांगा आणि कोणतीही सूचना न देता ते लिहून घ्या. न्यूवेल आणि सायमन यांच्या संशोधनातही हीच पद्धत होती. ओळखीच्यांनी चुकीची वाट धरलेली दिसताच उत्तर सांगण्याचाच मोह तुम्हाला सतत होत असेल, तर गणित किंवा संगणकशास्त्र तुम्हाला अधिक समाधान देईल, आणि त्यात उणेपणा काहीच नाही. ती वाट त्यांना का सुचली असावी हेच मनात घोळत राहिले, तर मात्र या विषयाकडे निःशंकपणे वळा.

संशोधन करायचे असल्यास पीएचडीपर्यंतची तयारी ठेवावी लागते. त्याआधी संगणकीय प्रणालींची रचना, अध्ययनसाहित्य आणि मानवी चुका टाळणारी सुरक्षाव्यवस्था अशा क्षेत्रांतही हे ज्ञान उपयोगी पडते. प्रवेश घेताना अभ्यासक्रमात प्रयोगशाळेचे काम आणि संख्याशास्त्र किती आहे ते पाहा आणि ही माहिती घरच्यांनाही दाखवा.