‘मराठी’ ही कॅटेगरी आधी काढा

लातूर बाजार समितीचे भाव दाखवणाऱ्या तुमच्या ओपन सोर्स ॲपच्या रेडमाइनवर (बग आणि कामं, म्हणजे ‘इश्यू’, नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर) 22 कॅटेगऱ्या झाल्यात, त्या कमी कशा करायच्या, असं तुम्ही विचारलंय. सेटिंग्जमधला ‘इश्यू कॅटेगरीज’ टॅब तुम्हाला माहीत असणारच. त्या यादीतली ‘मराठी’ बघून मात्र राहवलं नाही.

मराठी हा कोडचा भाग नाही. मुखेड तालुक्यातलं बाऱ्हाळी कुणी शोधलं आणि सापडलं नाही, असा बग घ्या. हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे टिंबाचा ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), तर कुठे साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह). दिसायला दोन्ही सारखेच, डेटाबेसला वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशननंही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याच्या ठरलेल्या पद्धतीनंही) ते एक होत नाहीत. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एकच रूप करून घ्यावं लागतं. म्हणजे बग ‘शोध’चा. ‘मराठी’त टाकला की तो फॉन्ट बघणाऱ्याकडे जातो, त्याला अक्षर नीट दिसतं आणि तो बग बंद करतो. बाऱ्हाळीकराला भाव मिळतच नाही.

दुरुस्ती कोडमध्ये कुठं करायची, एवढंच कॅटेगरीनं सांगावं. ‘अर्जंट’ही काढा, त्यासाठी प्रायॉरिटी आहे.

डिलीट करताना रेडमाइन विचारतं: इश्यूंची कॅटेगरी काढू, की दुसरीत हलवू? दोन्ही घाईचेच मार्ग. आधी कॅटेगरीचा फिल्टर लावा, स्टेटस ‘ओपन’वरून ‘एनी’वर न्या (नाहीतर बंद झालेले इश्यू दिसतच नाहीत), मग इश्यू निवडून राइट क्लिकनं शोध, फॉन्ट, भाव-आयात असे वाटून टाका. कॅटेगरी रिकामी झाली की काढा.

प्रत्येक कॅटेगरीला असाइनी, म्हणजे ते काम बघणारा माणूस, द्या. इश्यू टाकणाऱ्यानं कुणाचं नाव दिलं नाही तर तो आपोआप त्याच्याकडे जातो. पण त्या माणसाला प्रोजेक्टच्या सदस्यांतून काढलं की ही जागा गुपचूप रिकामी होते. कॉलेजची पोरं पास होऊन गेली की हे हमखास घडतं, तेव्हा लगेच तपासा.

सबप्रोजेक्टला कॅटेगऱ्या मिळत नाहीत, तिथं वेगळ्या कराव्या लागतात. नावं अक्षरशः तीच ठेवा, कारण इश्यू तिकडे हलवला की त्याच नावाची कॅटेगरी असेल तरच ती टिकते.

‘भाषांतर’ मात्र राहू द्या, त्याच्या फाइली खरंच वेगळ्या असतात. आणि टॅबच दिसत नसेल तर तुमच्या रोलला ‘मॅनेज इश्यू कॅटेगरीज’ची परवानगी नाही, ती ॲडमिनकडून घ्या.