मेंढा पडल्यानंतरची वाट

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रीन कार्ड हाती आलं, अलास्कात वर्षही पूर्ण झालं. आता शिकारीच्या परवान्याच्या दृष्टीने तू इथला रहिवासी, म्हणून गाइड न घेता डॉल मेंढ्याच्या, म्हणजे इथल्या डोंगरातल्या पांढऱ्या रानमेंढ्याच्या, मागे जायचं तू मनावर घेतलं आहेस. बाहेरच्या माणसाला गाइड किंवा इथला जवळचा नातलग सोबत असल्याशिवाय हा मेंढा मारता येत नाही. हा नियम का आहे, ते रँगल पर्वतात पहिल्या दोन दिवसांत तुझ्या गुडघ्यांना कळेल.

तू रायफल कोणती घेऊ एवढंच विचारलंस. तुझ्याकडे आहे तीच ने. तीनशे यार्डांच्या आत, पाठपिशवीवर टेकवून, दम लागलेला असताना नेम धरायचा सराव कर. चढ-उतारावर तिरकं अंतर धरू नकोस, आडवं अंतर धर, नाहीतर गोळी वरून जाईल. रायफलचं एवढंच. मेंढा पडल्यावर तो खाली कसा आणणार, हे मात्र तू विचारलं नाहीस, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

इथल्या कायद्याने मान, छाती, बरगड्यांवरचं मांस, चारही पाय आणि पाठीचं मांस, सगळं आणावं लागतं. मांसाच्या आधी शिंगं हलवायची नाहीत. हा नियम मला मनापासून पटतो. हाडं काढूनही पंचवीस-तीस किलो मांस होतं, वर डोकं, शिंगं, कातडं, तंबू आणि रायफल. एवढं ओझं घेऊन घसाऱ्यावरून उतरायचं असतं. म्हणून मेंढा दिसला की आधी दुर्बिणीने त्याच्या खालची वाट बघ. तो पडला तर कुठे पडेल? गडगडत कड्याखाली जाईल का? तिथून कोणत्या सोंडेने उतरता येईल? उत्तर सापडत नसेल तर तो मेंढा तुझ्यासाठी नाही, शिंगं कितीही देखणी असोत. चांगल्या शिकाऱ्यांना अशा वेळी रायफल न उचलता तासन् तास नुसतं बसून राहताना मी पाहिलं आहे.

तू सह्याद्रीत वाढलास, हे तुझं मोठं भांडवल आहे. घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, दृष्टीभय असलेल्या आडव्या वाटेवर नजर कुठे ठेवायची, हे तुला शिकवावं लागणार नाही. पण तिथे पाठीवर दहा किलो असायचे आणि खाली गावात कुणाच्या तरी ओसरीवर पाणी मिळायचं. इथे वाटच नसते. आत्तापासून आठवड्यातून दोनदा पिशवीत पाण्याचे कॅन भरून डोंगर चढ. वर पाणी ओतून रिकामा उतरू नकोस, जसाच्या तसा भार घेऊन खाली ये. मांड्या उतरतानाच तयार होतात.

आता मेंढ्याबद्दल. मोसम 10 ऑगस्ट ते 20 सप्टेंबर. ज्या भागात जाणार तिथला नियम वन्यजीव खात्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाच. साधारण नियम असा, की शिंग बाजूने पाहिल्यावर पूर्ण वेटोळं झालेलं हवं, किंवा दोन्ही टोकं झिजून तुटलेली हवीत, किंवा मेंढा किमान 8 वर्षांचा हवा. वय शिंगावरच्या वार्षिक खाचांवरून मोजतात. टोकाकडच्या खाचांमध्ये भरपूर अंतर असतं, बुंध्याकडे त्या दाटत जातात, आणि मध्ये फसवणाऱ्या खोट्या रेघाही असतात. मान जरा वळली की अपुरं वेटोळंही पूर्ण भासतं. म्हणून स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एकनळी दुर्बीण, तिकाटण्यावर लावून, मेंढा अगदी बाजूने उभा राहीपर्यंत थांब. पुढे 30 दिवसांच्या आत शिंगं खात्याला दाखवावी लागतात. ते मोजमाप घेऊन शिंगात क्रमांकाची खूण बसवतात. मेंढा नियमात बसत नसेल तर तो जप्त होतो आणि खटला होतो. पण मी सांगतोय ते त्या भीतीपोटी नाही. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला की त्याचं कडक कवच होतं, खालचं गवत उकरता येत नाही आणि मेंढ्या उपाशी मरतात. असे हिवाळे अलीकडे वारंवार आले, कळप घटले, काही भागांत शिकार बंदही करावी लागली. अशा काळात वय नीट न मोजता गोळी घालणं मला अक्षम्य वाटतं.

मेंढ्याची नजर फार तीक्ष्ण, आणि धोका खालून येतो ही त्याची धारणा. म्हणून वळसा घालून धारेवर चढ आणि वरून ये. सकाळी वारा उताराकडे वाहतो, ऊन तापलं की चढाकडे वळतो. वरून यायचं तर हा बदल होईपर्यंत वाट बघावी लागते. डोंगरात नेऊन सोडणाऱ्या लहान विमानातून उतरलास त्याच दिवशी शिकार करायची नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 नंतरच. मोसमात विमानातून मेंढे हेरायलाही बंदी आहे. रँगल-सेंट इलायस हा 1980 साली झालेला राखीव प्रदेश पार्क आणि प्रिझर्व्ह अशा दोन भागांत आहे. तुला शिकार प्रिझर्व्हमध्येच करता येईल. पार्कात ती फक्त त्या परिसरातल्या ग्रामीण रहिवाशांना पोटापुरती करता येते. हद्द जीपीएसवर टाकून ठेव, डोंगरावर कुणी रेघ मारून ठेवलेली नाही.

माणसं मरतात ती बहुधा नदीत आणि थंडीने. हिमनदीचं पाणी राखाडी असतं, तळ दिसत नाही, वाहत्या धोंड्यांचा गडगडाट तेवढा ऐकू येतो. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळतं आणि संध्याकाळी नदी फुगते. ती पहाटे ओलांड. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोड, दोन्ही काठ्या हातात ठेव आणि पाण्याला छेद न देता थोडं प्रवाहाबरोबर तिरकं जा. पलीकडे मेंढा दिसतोय म्हणून संध्याकाळच्या पाण्यात उतरायचं नाही. सुती कपडा अंगावर नको. खाणं चार दिवसांचं जास्तीचं ने, कारण ढग खाली आले की विमान येत नाही आणि त्या लहान विमानाच्या पायलटला घाई करायला लावणं हा गुन्हा समज. मांस तंबूपासून लांब, सावलीत, हवेशीर पिशव्यांत टांग. त्या रात्री अस्वल येईल असं धरूनच झोप.

एकटा जाऊ नकोस. सोबती निवडताना त्याचा नेम बघू नकोस. पावसात तीन दिवस तंबूत अडकल्यावर ज्याची चिडचिड होत नाही, आणि ‘आज नको, परत फिरू’ असं तू म्हणालास तर जो वाद घालत नाही, असा माणूस घे. रानबोकडाचं नाव कुणी काढलं तर यंदा नाही म्हण. तो राहतो ते कडे याहून बिकट, आणि नर-मादी दोघांची शिंगं जवळपास सारखी असल्याने ओळखणं आणखी कठीण.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंद झाली, ते योग्यच झालं. त्यामुळे तुझ्या आईला हे सगळं रुचणार नाही. तिच्यापासून लपवू नकोस. मांस आम्ही घरी खातो, शेजाऱ्यांकडे वाटे जातात, आणि खातं कळपांची मोजणी करतं, त्यावरून शिकारीचे नियम ठरतात, हे तिला नीट समजावून सांग. पटलं नाही तर तिच्याशी वाद घालू नकोस.

शनिवारी घरी ये. माझ्याकडे वेगवेगळ्या वयाची शिंगं आहेत. खाचांवरून बोट फिरवत प्रत्येकाचं वय तू मोजायचंस, मी मध्ये बोलणार नाही. येताना नकाशा आण. त्यावर चढायची वाट दाखवली नाहीस तरी चालेल, ओझं घेऊन उतरायच्या दोन वाटा मात्र पेन्सिलीने काढून आण.

तुझा,
काका