एचपीव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत का? आता लस घेऊन उपयोग होईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, नुसत्या रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. एचपीव्ही हा लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू आहे, त्यातून पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि तो अंगात कसलंही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षं राहू शकतो. आज तपासणीत सापडला म्हणजे तो अलीकडेच आला असं नाही. लग्नाआधीचाही असू शकतो, आणि दोघांपैकी कुणाचाही. कुणाकडून कुणाला गेला हे सांगणारी तपासणीच अस्तित्वात नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो.

हे तुम्हाला तपासणीच्या आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. मी आरोग्यशिक्षणाचं काम करते आणि याच मुद्द्यावरून माझं एका वरिष्ठ डॉक्टरांशी चांगलंच वाजलं होतं. शिबिरात तपासणीआधी बायकांना माहिती द्यायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरची तपासणी आहे, एवढंच सांगा. संबंधांतून पसरतो वगैरे काढलंत तर निम्म्या बायका उठून जातील." मी म्हटलं, आपण नाही सांगितलं तर रिपोर्ट आल्यावर त्यांना कोण सांगणार? शिबिर त्यांचं होतं. माझ्या तक्त्यांमधला तो तक्ता त्यांनी काढायला लावला.

पुढे एक बाई रिपोर्ट घेऊन आल्या. नवरा बरोबर होता, पण मधे एक खुर्ची सोडून बसला. रिपोर्टच्या इतक्या घड्या घातल्या होत्या की कागद मधोमध विरला होता, आणि "पॉझिटिव्ह"खाली पेनाने दोनदा रेघ ओढलेली. बाई मान वर करेनात. तोच म्हणाला, "इंटरनेटवर वाचलं, हा गुप्तरोग आहे. मग हिला कुठून आला?" मी सगळं समजावलं. हा त्वचेच्या संपर्कातून पसरतो, त्यामुळे कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण टळत नाही. संसर्ग म्हणजे कॅन्सर नव्हे. तो टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात, आणि तपासणी असते ती मधल्या काळात बदल पकडण्यासाठी. तो म्हणाला, "मग माझीही करा तपासणी." पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, हे ऐकल्यावर तो गप्प झाला. तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. "मी कॅन्सरची तपासणी म्हणून आले होते. हे असं काही असतं हे आधी कळलं असतं तर मीच घरी सांगितलं असतं."

त्यानंतर तो तक्ता मी परत लावला आणि आजतागायत काढलेला नाही. बायका उठून जात नाहीत. उलट थांबतात, आणि बाकीच्या गेल्यावर जवळ येऊन विचारतात: मुलीला लस दिली तर पुढे मूल व्हायला अडचण येईल का? (नाही. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचासारखे प्रथिनांचे कण असतात.) पुरुषांना यातून काही होतं का? (होतं. चामखिळी, घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर.) लाजेपोटी बायकांना अर्धवट माहिती देणं याला मी काळजी म्हणत नाही. त्या डॉक्टरांना ते अजून पटलेलं नाही.

आता लशीचं. असलेला संसर्ग लशीने जात नाही. ती खरी उपयोगी पडते संबंध सुरू होण्याआधी, म्हणून मुलींना 9 ते 14 या वयात देतात. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत, त्यांपैकी तुम्हाला अजून न झालेल्या प्रकारांपासून काही संरक्षण मिळू शकतं, पण वय आणि बाकीचं बघून ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. घरात मुलगी असेल तर तिची लस मात्र लांबवू नका. आणि नवऱ्याला हा रिपोर्ट पुरावा म्हणून दाखवू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून दोघांनी एकत्र ऐका.

दोन गोष्टी राहिल्या. नवऱ्याचे बाहेर संबंध नाहीतच, असंही हा रिपोर्ट सांगत नाही. तुम्हाला दुसऱ्या कशावरून शंका असेल तर तो वेगळा विषय आहे. आणि रिपोर्टमध्ये विषाणूचा प्रकार दिला आहे का ते बघा. गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरांमागे 16 आणि 18 हे दोन प्रकार असतात. त्यांपैकी एखादा असेल तर बहुधा कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख मोठं करून बघण्याची तपासणी) सांगतील, ती टाळू नका. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर वर सांगितलेली 15-20 वर्षं धरून चालू नका, हे सगळं बरंच लवकर होऊ शकतं. तसं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.