दुकानात बसून गाणी लिहिता येतात का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा एसवायबीकॉमला, नाशिकला तुमचं भांड्यांचं दुकान, मागच्या वर्षी फ्रेंचचा क्लास लावला तिथे बाईंनी जाँ-जाक गोल्डमन या फ्रेंच गायक-गीतकाराची गाणी ऐकवली आणि तेव्हापासून पोराचं एकच, कॉलेज सोडतो, मुंबईला जातो, गाणी लिहितो आणि गातो. मिस्टर म्हणतात जूनपासून गल्ल्यावर बस. बापलेकात बोलणं बंद. आणि तुम्ही मला म्हणताय की त्याच्या डोक्यातलं हे खूळ तेवढं काढा.

ताई, ते खूळ मी काढणार नाही. पण कॉलेज सोड असंही सांगणार नाही, आणि त्यासाठी मला दुसरं कुणाचं उदाहरण शोधायला नको, त्याचा हा गोल्डमनच पुरे आहे.

त्याने फक्त स्टेजवरचा गोल्डमन बघितलाय. त्याच्या आधीचं सांगते. जन्म १९५१, पॅरिस. वडील पोलंडहून आलेले ज्यू, युद्धात नाझींविरुद्ध लढलेले. मुलाला लहानपणी व्हायोलिन शिकायला घातलं, पुढे त्याने गिटार धरली, माँरूज नावाच्या उपनगरात चर्चच्या गॉस्पेल ग्रुपमधे वाजवायला लागला. आणि शिकला काय, तर कॉमर्स! लील शहरातल्या बिझनेस स्कूलमधून रीतसर डिग्री घेतली आणि नंतर काम केलं माँरूजलाच, घरच्या स्पोर्ट्सच्या दुकानात. म्हणजे बूट, रॅकेटी, ट्रॅकसूट विकायचे, हिशोब बघायचा. १९७५ ला एका रॉक बँडमधे गेला, रेकॉर्ड निघाली, गाजली, तरी दुकान सुटलं नाही. मधे स्वतःच्या नावाने काही रेकॉर्ड काढल्या, त्या पडल्या. नाव झालं ते १९८१ मधे, तोपर्यंत वय तीस. तुमचा मुलगा आत्ता एकोणीसचा आहे ना?

आता हे वाचून मिस्टर म्हणतील, बघ, मी हेच सांगत होतो. नाही हो, त्यांना पुढचंही वाचायला द्या. दुकानाच्या त्या वर्षांत त्याने लिहिणं माळ्यावर टाकलेलं नव्हतं. दुकानाने घर चालवलं, म्हणून पडलेल्या रेकॉर्डींनी तो खचला नाही, आणि हातात येईल ते काम धरावं लागलं नाही. मुंबईत भाड्याच्या खोलीत तीन महिन्यांत पैसे संपलेली मुलं मी बघितलीयत, ती मग काहीही लिहितात आणि कुठेही सही करतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने पाच गाणी एका स्टुडिओला एकरकमी देऊन टाकली होती, कागद न वाचता, आणि गाण्यावर नाव दुसऱ्याचंच लागलं.

म्हणून बीकॉम पूर्ण कर, हे माझं त्याला कळकळीचं सांगणं आहे. गाणं लिहिणाऱ्याला करार, जीएसटी, रॉयल्टीचं स्टेटमेंट वाचता यायलाच हवं. आपल्याकडे २०१२ मधे कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, सिनेमाच्या गाण्याच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला आता सोडून देताच येत नाही, सही केली तरी. आयपीआरएस म्हणून संस्था आहे मुंबईत, ती हे पैसे गोळा करून वाटते. फ्रान्समधे अशी संस्था १८५१ पासून आहे, सासेम. तिची सुरुवात कशी झाली माहितीये, कॅफेत आपलंच गाणं फुकट वाजतंय बघून काही गीतकार-संगीतकारांनी तिथलं बिल द्यायला नकार दिला, केस कोर्टात गेली आणि ते जिंकले! त्याला हे सांगा, आवडेल.

अजून एक, आणि माझ्या दृष्टीने हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही कॉस्टिंगच्या वहीच्या मागच्या पानाचा फोटो पाठवलात, तुमच्या मते अभ्यास करत नाही याचा पुरावा म्हणून. मी ते पान झूम करून वाचलं. इंग्रजीतलं गाणं आहे ते ठीक आहे, असं कुणीही लिहील. पण खाली कोपऱ्यात चार ओळी मराठीत आहेत, तांब्याला चिंच लावून घासणाऱ्या आजीच्या हातांवर, त्या ओळींपाशी मी थांबले. गोल्डमनचा तो बँडही इंग्रजीतच गायचा. फ्रेंचमधे आपल्याला गाता येईल हे त्याला लिओ फेरे या फ्रेंच गायकाला ऐकल्यावर उमगलं.

आणि गायलाच पाहिजे असंही नाही. गोल्डमनने दुसऱ्या गायक-गायिकांसाठी किती लिहिलं, जॉनी हॅलिडेसाठी, पॅट्रिशिया कासला तर टोपणनावाने, आणि सेलीन डिऑनसाठी १९९५ मधे जवळपास अख्खा आल्बम, जो फ्रेंच भाषेतला सगळ्यात जास्त खपलेला आल्बम मानतात. पुढे पन्नाशीत त्याने स्वतःच्या मैफिली थांबवल्या.

तर आत्ता असं करा. मिस्टरांशी बोला, सुट्टीत संध्याकाळी तीन तास तो दुकानात बसेल, पगारावर, आणि सकाळी लिहिताना त्याला कुणी हाक मारायची नाही. टीवायचा निकाल लागेपर्यंत मुंबईचा विषय दोन्ही बाजूंनी बंद. तेवढ्यात मराठीत दहा गाणी पूर्ण झाली पाहिजेत, चालीसकट. पुढच्या महिन्यात मी नाशिकला येतेय, त्याला एकट्याला पाठवा आणि ती कॉस्टिंगची वही घेऊन यायला सांगा, आजीच्या गाण्याचं पुढचं कडवं मला वाचायचंय.