‘मोठी हो’ म्हटलं की पोटात गोळा का येतो?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. गेला महिनाभर रात्री अभ्यास आटपला की एकच इंग्रजी गाणं लूपवर लावून पडते, लॉर्ड नावाच्या गायिकेचं ‘रिब्स’. एकदा तिच्या फोनवर त्याचे शब्द वाचले तर त्यात म्हातारं व्हायची भीती वाटते असं काहीतरी आहे. 17 वर्षांच्या पोरीला म्हातारपणाची कसली आलीये भीती? विचारलं तर म्हणते, “आई तुला नाही कळणार.” त्यात पार्टी, ड्रिंक वगैरेपण आहे. काळजी करावी का? आणि आपलं ‘लहानपण देगा देवा’ हेच तर सांगतं ना?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, आधी ते ड्रिंकचं मिटवून टाकू म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. गाण्यात कुणीतरी गाणाऱ्या मुलीच्या अंगावर ड्रिंक सांडलंय, बस्स, ड्रिंकचा विषय तिथेच संपतो. पण त्याच्या जरा पुढे एक साधी ओळ येते की आईबाबांनी मला घरी राहू दिलं. म्हणजे आईबाप बाहेर गेलेत, घर पोरीच्या ताब्यात आहे आणि मित्रमैत्रिणी जमलेत. आता आपल्याकडे बघा, पहिल्यांदा घराची किल्ली हातात देऊन आईवडील गावाला लग्नाला गेले की केवढा भाव वाटतो, आता आपण मोठे झालो म्हणून. इथे मात्र परवानगीच्या लगेच खालच्या ओळीत ती म्हणते की वय वाढणं डोकं फिरवतं माणसाचं. म्हणजे किल्ली हातात आली आणि त्याच क्षणी धस्स झालं. अख्खं गाणं या दोन ओळींच्या मधल्या फटीत बसलंय असं मला वाटतं.

आता तुमचा म्हातारपणाचा मुद्दा. तिचे शब्द आहेत ‘इट फील्स सो स्केअरी गेटिंग ओल्ड’, आणि ओल्ड म्हणजे म्हातारं असं आपल्याला शाळेत शिकवलंय त्यामुळे तुमचं काही चुकलं नाही. पण ही न्यूझीलंडच्या ऑकलंडची मुलगी, 2013 च्या सप्टेंबरमध्ये ‘प्युअर हीरोइन’ या तिच्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणं आलं तेव्हा ती 16 वर्षांची होती, 17 पूर्ण व्हायला महिना-दीड महिना बाकी. तिला गुडघेदुखीची भीती नाही वाटत. तिला ‘मोठं होणं’ म्हणायचंय पण त्यासाठी तिने मुद्दाम तो जड, आजीबाईंचा शब्द उचललाय, कारण त्या वयात 16 चे 17 होणं खरंच म्हातारं झाल्यासारखं वाटतं, आणि आपल्याला ते हास्यास्पद वाटतं कारण आपण विसरलोय.

आणि विसरण्यात आपल्या भाषेचापण हात आहे हां. मराठीत ‘मोठं’ हा शब्द इतका चांगला आहे की त्याला घाबरायची सोयच नाही! मोठं म्हणजे वयाने मोठं आणि मोठं म्हणजे थोर, दोन्ही एकच. वाढदिवसाला पाया पडली की आजी डोक्यावर हात ठेवून म्हणते “खूप मोठी हो”. पाहुणे विचारतात मोठेपणी कोण होणार. भांडणात समजूत घालायची तर “तू मोठी आहेस ना”. म्हणजे आशीर्वाद, स्वप्न, जबाबदारी सगळं त्याच एका शब्दात कोंबलेलं, मग पोरीने भीती वाटते हे सांगायचं कुठल्या शब्दात? ‘मला मोठं नाही व्हायचं’ म्हणाली तर आपण तिला कामचुकार म्हणणार किंवा लाडावलेली. तिला ते वाक्य इंग्रजीत आयतं मिळालं आणि तिने इयरफोन घातले. “तुला नाही कळणार”चा अर्थ बहुतेक एवढाच.

आता गाणं भीती दाखवतं कसं ते सांगते, कारण खरी कमाल तिथे आहे. यात ‘हाय ते दिवस गेले’ असं रडगाणं नाही. दिवस अजून गेलेलेच नाहीत, मैत्रीण बाजूलाच बसलीये, रात्र चालू आहे. त्या चालू रात्रीत हिला कळतं की हे संपतंय, आणि म्हणून सगळे बरोबर असताना मध्यरात्रीच्या रस्त्यावर झोकांड्या खात फिरताना ती म्हणते की इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. मला यावरून आमच्या गच्चीवरची दहावीनंतरची कोजागिरी आठवते, आटवलेलं दूध, पत्त्यांचा डाव, कुणीतरी फालतू जोक केला, सगळे लोळतायत आणि मला एकदम वाटलं की पुढच्या वर्षी यातले निम्मे वेगळ्या गावात असतील, आणि मग मी हसायचं सोडून सगळ्यांची तोंडं बघत बसले. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, दूध तर छान झालं होतं.

ती परत काय मागते तेही बघा. खेळणी नाही, आईची मांडी नाही, सुट्ट्या नाहीत. ती म्हणते आमची ती डोकी परत हवीत, विचार डोक्यात ज्या तऱ्हेने फिरायचे ते परत हवंय. हे मला फार म्हणजे फारच हुशारीचं वाटतं, कारण खरंच मोठं होताना वस्तू जात नाहीत, जुनं खेळणं माळ्यावर सापडतंच, पण त्याच्याशी तासन्‌तास खेळू शकणारं डोकं सापडत नाही. (हिची आई सोन्या येलिच कवयित्री आहे, त्यामुळे घरात शब्दांची उठबस असणार, पण तरी 16 व्या वर्षी हे सुचणं म्हणजे कठीणच.)

आणि नाव. रिब्स म्हणजे बरगड्या. आपण हसून हसून पोट दुखलं म्हणतो, मुरकुंडी वळली म्हणतो, तिच्याकडे हसून हसून बरगड्या कडक होतात. लहान पोरांसारखं एका बिछान्यात झोपायचं आणि बरगड्या टणक होईपर्यंत हसायचं, असं ती मैत्रिणीला उद्देशून म्हणते, तूच एक मैत्रीण मला पुरे. वाचायला गोड आहे. पण शब्द बघा, दुखत नाहीत, टणक होतात. मला तरी त्यात हसण्याबरोबर हाडं पक्की होणंपण ऐकू येतं, म्हणजे जे लहानपणाचं सगळ्यात मोठं सुख त्यातूनच मोठेपण अंगात भरतंय. गायिकेला हे अभिप्रेत होतं की नाही हा भाग वेगळा, मी माझं वाचन सांगतेय. आणि लगेच पुढची ओळ – पण तेवढं कधीच पुरणार नाही. आत्ता म्हणाली पुरे, आणि आता म्हणते पुरणार नाही! शेवटी गाणं हेच घोळत राहतं.

घोळण्यावरून आठवलं. तुम्हाला वाटत असेल तेच तेच काय म्हणते ही, पहिलं कडवं जवळपास तसंच्या तसं परत येतं. ते मुद्दाम आहे असं मी म्हणेन, कारण रात्र संपू नये म्हणून माणूस तेच गाणं परत लावतो, आणि तिच्या त्या पार्टीतपण एक गाणं रिपीटवर चाललंय, त्याचं नावच तिने ओळीत घातलंय, ‘लव्हर्स स्पिट’. ब्रोकन सोशल सीन या कॅनडाच्या बँडचं 2002 चं गाणं ते, म्हणजे आलं तेव्हा ही पाच वर्षांची. आणि गंमत अशी की त्या गाण्यातच म्हटलंय की आता आपण मोठं व्हायची वेळ झाली. म्हणजे ज्या गाण्याच्या आडोशाने पोरं रात्र थांबवून धरतायत तेच गाणं स्पीकरमधून त्यांना सांगतंय की चला आता, उठा. तुमची लेक लूपवर गाणं लावते ते ज्या गाण्यात गाणं लूपवर आहे तेच, एवढं लक्षात घ्या.

आता राहिलं ‘लहानपण देगा देवा’. ताई, नाही, ते वेगळं. तुकोबा बालपण मागत नाहीयेत, ते लहान होणं मागतायत, नम्रपण. मुंगीला साखरेचा रवा मिळतो, ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, महापुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळे वाचतात, सगळा तोच मुद्दा. वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली लोक ती ओळ टाकतात तेव्हा मला दरवेळी कमेंट करावीशी वाटते आणि मी दरवेळी गप्प बसते. तरी त्याच अभंगात ‘जया अंगीं मोठेपण, तया यातना कठीण’ आहे, तेवढं मात्र बारावीच्या वर्षात कुणालाही पटेल, जरी तुकोबांचं मोठेपण वयाचं नसलं तरी.

काळजीचं म्हणाल तर फक्त गाण्यावरून करू नका. जेवण-झोप बिघडली असेल, मैत्रिणींशी बोलणं तुटलं असेल, तर मात्र गाणं सोडा आणि तिच्याशी बोला, डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला लाजू नका. नाहीतर आज रात्री तिच्याकडे एक इयरफोन मागा आणि चार-सव्वाचार मिनिटं काही बोलू नका. अर्थ विचारू नका. हा कॉलमपण दाखवू नका प्लीज.

प्रश्न : जगजीत सिंगची ‘वो कागज की कश्ती’ ऐकून आम्ही मोठे झालो. त्यात हेच सगळं जास्त सोप्या शब्दांत नाहीये का? या आजकालच्या मुलांना सगळं नवीन वाटतं.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : काका, ती सुदर्शन फाकिरांची रचना मलापण पाठ आहे आणि अजूनही पावसाळ्यात हटकून ऐकते, पण हेच नाही हो. त्यात बोलणारा माणूस मोठा होऊन बसलाय, दौलत-शोहरत सगळं घ्या आणि ती कागदाची होडी परत द्या म्हणतो. म्हणजे त्याच्याकडे द्यायला काहीतरी आहे, सौदा करायला बसलाय तो. या पोरीकडे बदल्यात द्यायला काहीच नाही, कारण तिने अजून कमावलंच काही नाहीये. तुमची होडी वाहून गेली आणि मग आठवण आली, हिची होडी अजून हातात आहे, कागद जरा भिजलाय एवढंच. त्यामुळे एकाला आठवण म्हणायचं आणि दुसऱ्याला भीती. मला दोन्ही लागतात, आणि ‘आजकालची मुलं’ म्हणाल तर ‘रिब्स’ पहिल्यांदा ऐकणारी मुलंपण आता तिशीकडे आली.

प्रश्न : मी 26 वर्षांची, नोकरी करते. ‘रिब्स’ कॉलेजात रोज ऐकायचे, आता लागलं तर बंद करते. त्या गायिकेची भीती गेली का पुढे, कळलं तर मला बरं वाटेल.
– एक वाचक, पणजी

उत्तर : अगं, तिने स्वतःच उत्तर दिलंय. 2021 च्या ‘सोलर पॉवर’ अल्बममध्ये ‘सीक्रेट्स फ्रॉम अ गर्ल’ नावाने सुरू होणारं एक गाणं आहे ते शोध. त्यात ती आपल्या धाकट्या स्वतःशी बोलते, ताई धाकटीशी बोलते ना तशी. 15 व्या वर्षाची केवढी घाई झाली होती, मग पापणी लवली आणि 10 वर्षं गेली, असं म्हणते. म्हणजे ज्याची धास्ती होती ते झालंच, तेही पापणी लवेपर्यंत, आणि चाल बघितलीस तर चक्क उन्हात बसल्यासारखी निवांत आहे. भीती गेली का, तर शेवटी स्वीडनची गायिका रॉबिन येते आणि विमानातल्या एअर होस्टेसच्या आवाजात अनाउन्समेंट करते, की दुःखात तुमचं स्वागत आहे, इथलं तापमान त्याच्याकडे तोंड करेपर्यंत असह्य असतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लोकलमध्ये एकटीच हसले आणि समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढली. तू ‘रिब्स’ बंद करतेस ते कर खुशाल, पण आधी हे ऐक आणि मग एकदा ते लाव, मधे जाहिरात येऊ देऊ नकोस.