नाताळच्या धावपळीत विसावा नेमका कुठे मिळतो?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर ख्रिस्ती घरातला हा तुमचा पहिला नाताळ आहे. घरात पाहुण्यांची रीघ, ऑफिसात वर्षअखेरची कामं, आणि जो तो सांगतो की प्रार्थना कर, शांती मिळेल. ती शांती प्रत्यक्षात कधी आणि कशी मिळते, असा तुमचा प्रश्न. तो वाचून मला माझे सासरचे पहिले पाच-सहा नाताळ आठवले, म्हणून लिहायला बसले.

मी वसईची. माहेर-सासर दोन्ही इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. बावीस वर्षं नर्सची नोकरी करते आहे, रोज लोकलने मुंबईला जाते. लग्नानंतर डिसेंबर म्हणजे माझ्यासाठी कामांची यादीच असायची. घर झाडायचं, पडदे धुवायचे, करंज्या, तळलेले गोड कलकल, केक, मुलांचे कपडे, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत. ड्युटीवरून आठला घरी यायचं आणि बारापर्यंत तळणीपुढे उभं राहायचं. मग २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी बाकावर बसल्या बसल्या पेंगायचे. वेदीवरून बायबलमधलं ख्रिस्तजन्माचं शुभवर्तमान वाचलं जायचं आणि माझ्या डोक्यात सकाळच्या मटणाचं वाटण असायचं. वर्षभर ज्या रात्रीची वाट पाहायची, तीच माझ्या हातून निसटत होती.

चूक माझ्या समजुतीत होती. मला वाटायचं, सगळं आटपलं की मग निवांतपणा. पण नाताळचं काम कधी आटपतच नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात येशूचे शब्द आहेत: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ हे वचन मला लहानपणापासून पाठ, पण त्यातला ‘विसावा’ हा शब्द मला उलगडून दिला तो माझ्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीने. ती दरवर्षी वारीला जाते. बोलता बोलता ती म्हणाली, “अगं, विसावा वेगळा आणि मुक्काम वेगळा. मुक्काम रात्रीचा. विसावा चालता चालता वाटेत घ्यायचा, पुन्हा उठायचं असतंच.” त्या दिवशी लोकलमध्ये दाराशी उभी राहून मी घरापर्यंत तेच वचन घोळवत आले. प्रभू मुक्कामाचं बोलत नव्हता. पुढच्याच वचनात तो म्हणतो, माझं जू आपल्यावर घ्या. जू ओढायलाच असतं. माझे वडील भातशेती करायचे, त्यामुळे मला माहीत आहे, नांगराचं जू एका बैलाच्या मानेवर ठेवत नाहीत. शेजारी दुसरा लागतो. काम तेवढंच राहतं, पण मी एकटी ओढत नाही, हे ज्या वर्षी मनात पक्कं बसलं त्या वर्षीपासून माझा नाताळ बदलला.

आता घरात काय करायचं ते सांगते. आपल्या चर्चच्या पंचांगाने मला फार मदत केली. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. या दिवसांत धर्मगुरूंचा पोशाख जांभळा असतो, रविवारच्या मिस्सेत ग्लोरियाचं महिमागीत गात नाहीत, गोठ्यातली गव्हाणी रिकामी असते. म्हणजे चर्च मुद्दाम थोडं रितं राहतं. बाहेर बाजारात १ डिसेंबरलाच नाताळ सुरू झालेला असतो, आपण मात्र अजून वाट पाहत असतो. आणि खरा नाताळकाळ २५ तारखेला संपत नाही, तिथे सुरू होतो. पुढचे आठ दिवस तर चर्च एकच मोठा सण म्हणून पाळतं, मग जानेवारीत बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण येतो, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला हा काळ संपतो. हे मला कळायला लागलं तेव्हापासूनच माहीत होतं, पण स्वयंपाकघरात मी ते कधी लागू केलं नव्हतं. आता निम्मे पाहुणे आम्ही २५ नंतर बोलावतो. दुसऱ्या खेपेच्या करंज्या २८ तारखेला होतात. कोणाचं काही बिघडलेलं नाही.

दुसरी गोष्ट आगमनकाळातल्या चार मेणबत्त्यांची. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. ही प्रथा मुळात प्रोटेस्टंटांची. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्‍रिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, असा मुलांचा धोशा असायचा म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या; रोजची एक लहान, रविवारची मोठी. गंमत वाटते मला, की उतावळ्या मुलांना वाट पाहायला शिकवायचं साधन आज माझ्यासारख्या उतावळ्या बाईच्या कामी येतंय. आम्ही रात्री जेवणाआधी ट्यूबलाइट बंद करतो, मेणबत्ती लावतो, शुभवर्तमानातला छोटा उतारा कोणीतरी वाचतं आणि मग पाच मिनिटं कोणी बोलत नाही. पहिल्या वर्षी धाकटा सारखा चुळबुळ करायचा. आता तोच आठवण करून देतो. दहा मिनिटांत सगळं होतं. त्या दहा मिनिटांत कढई चुलीवर नसते, एवढा एकच नियम मी पाळते.

एका वर्षी २४ तारखेला मला रात्रपाळी लागली. तेव्हा नुकतीच आई गेली होती. नोव्हेंबरात, आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो त्याच महिन्यात. मिस्सा चुकणार म्हणून मी रडतच ड्युटीवर गेले. मध्यरात्री वॉर्डात फेरी मारताना लूकच्या शुभवर्तमानातले मेंढपाळ आठवले. रात्री रानात राहून ते कळप राखत होते. म्हणजे तेही रात्रपाळीवरच. ख्रिस्तजन्माची वार्ता पहिल्यांदा त्यांना मिळाली, सणासाठी तयार होऊन बसलेल्या कोणाला नाही. मी एका आजींचं सलाइन बदललं, त्यांची चादर नीट केली आणि तिथेच उभ्या उभ्या प्रार्थना केली. आईचं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. ते तसंच होतं. पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी जिथे आहे तिथे तो आलेला आहे, मला कुठे पोहोचायचं नाही.

स्वयंपाकघरावरून सासरी ताण येत असेल तर मार्था आणि मरियेची गोष्ट वाचा, लूकचाच दहावा अध्याय. मार्था कामाने हैराण आहे आणि बहीण येशूच्या पायाशी बसून ऐकते आहे. येशू मार्थेचा स्वयंपाक वाईट ठरवत नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करते आहेस, एवढंच तिला सांगतो, आणि तेही तिला दोनदा नावाने हाक मारून. ती दुहेरी हाक मला फार मायेची वाटते.

नर्स म्हणून एक सांगते. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, सारखं रडू येत असेल तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना सोडायची नाही, पण तपासणीही टाळायची नाही. ते श्रद्धा कमी असल्याचं लक्षण नव्हे.

यंदा पहिल्याच वर्षी सगळं करायला जाऊ नका. सासूबाईंजवळ बसून करंज्या भरायला घ्या आणि त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरी नाताळ कसा असायचा ते विचारा. माझ्या सासूबाईंना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी हातातली करंजी तशीच धरली आणि अर्धा तास बोलत राहिल्या. त्या दिवशी आमच्या निम्म्याच करंज्या झाल्या. २४ तारखेच्या रात्री बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवायचा मान त्यांचा असायचा. त्या वर्षी त्यांनी मूर्ती माझ्या हातात दिली.