तेराचं फॅक्टोरियल आणि एमबीएचा विचार

प्रश्न : माझी मुलगी इंदूरलाच बी.टेक. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा सी भाषेतला प्रोग्राम घरच्या लिनक्स लॅपटॉपवर नीट चालत होता, पण प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबमधल्या विंडोजवर १३ चं फॅक्टोरियल (१ ते १३ या सगळ्या संख्यांचा गुणाकार) भलतंच आलं. ‘पाठ करून आलीस’ असं म्हणून परीक्षकांनी मार्क कापले. त्या रात्री दोन वाजेपर्यंत ती तेच शोधत बसली होती. आता म्हणते, कोडिंग आपलं काम नाही, एमबीए करते, आयआयएम तर इथेच आहे. नवीन लॅपटॉप घेऊन द्यावा का? काय करावं?
– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते रात्री दोन वाजेपर्यंतचं बसणं. मार्क गेल्यावर मुलं रडतात, चिडतात, मोबाइल घेऊन पडून राहतात. कारण शोधत बसणारी फार थोडी.

आधी काय घडलं ते सांगतो, तिलाही वाचून दाखवा. तिने संख्या ठेवायला ‘लाँग’ हा प्रकार वापरला असणार. बिट म्हणजे ० किंवा १ मावणारं एक घर. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्याच विंडोजवर ३२ बिटांचा. सी भाषेचा नियम एवढंच सांगतो की तो निदान ३२ बिटांचा हवा, पुढचं ज्याचं त्याने ठरवलं. अधिक-उणे चिन्ह धरून ३२ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. १२ चं फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० आहे, म्हणून ते दोन्हीकडे बरोबर आलं. १३ चं ६,२२,७०,२०,८०० होतं. ते मावत नाही, वरचे बिट गळून पडतात आणि पडद्यावर १,९३,२०,५३,५०४ दिसतात. उणे आकडा आला असता तर कुणालाही शंका आली असती. हा मात्र चांगला सभ्य दिसणारा आकडा, आणि साफ खोटा.

मार्क कापले हे एका अर्थी रास्त, कारण प्रोग्राममध्ये त्रुटी होतीच. ‘पाठ करून आलीस’ हे मात्र अजिबात पटलं नाही. असं चुकण्यावरून पाठांतर ठरत नाही.

तिला एक करायला सांगा. घरच्याच लॅपटॉपवर २१ घालून बघ म्हणावं. २० पर्यंत ठीक येईल, २१ ला उत्तर बहुतेक उणे येईल. म्हणजे घरचं यंत्र शहाणं आणि लॅबचं वेडं असं काही नाही, मर्यादा फक्त पुढे सरकलेली आहे. बिट डावीकडे सरकवण्याचंही तसंच. लाँगमधला १ चाळीस घरं सरकवला तर लिनक्सवर चालतं. विंडोजवर सरकवायला तेवढी घरंच नाहीत, आणि तिथे काय उत्तर यावं याची हमी सी भाषा देत नाही.

आता एमबीएचं. आयआयएम गावात आहे म्हणून एमबीए, हे कारण होऊ शकत नाही. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, बसणारा देशभरातून येतो, आयआयएमजवळ राऊच्या रस्त्यावर राहणाऱ्याला वेगळी रांग नाही. चौथ्या वर्षीही तिला मनापासून जावंसं वाटलं तर जरूर जाऊ द्या. एका प्रॅक्टिकलच्या रागावर नको.

तिला जे छळलं तेच ज्यांचं रोजचं काम आहे अशी क्षेत्रं आहेत : एम्बेडेड सिस्टिम (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक), कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस, सायबर सुरक्षा. लांब कशाला, गाड्यांच्या कारखान्यांचं आपलं पीथमपूर घ्या. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचे प्रोग्राम बहुतांशी सी मध्ये असतात, आणि वाहन उद्योगात चालणारी ‘मिस्रा सी’ ही नियमावली सांगते की नुसतं इंट-लाँग लिहू नका, किती बिटांचा आणि चिन्हासह की बिनचिन्हाचा ते प्रकाराच्या नावातच दिसू द्या. तुमच्या लेकीला जे मार्क गमावून कळलं, ते तिथे नियम म्हणून लिहून ठेवलंय.

स्पष्टच सांगतो, इंदुरातल्या आयटी नोकऱ्यांत वेबसाइट आणि ॲपचं काम जास्त. एम्बेडेड किंवा कंपायलरच्या वाटेला जायचं तर पुणे, बंगळूर, हैदराबादची मानसिक तयारी ठेवा. गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास तिसऱ्या वर्षापासून हळूहळू सुरू करावा. संख्या यंत्रात कशा मांडतात हा भाग त्या अभ्यासक्रमात आहेच, आणि एम.टेक.साठी सिमरोलचं आयआयटी घरापासून जवळ. इथे मात्र जवळ असण्याचा फायदा घ्या, आधी गेटचा स्कोअर आणा म्हणजे झालं.

सध्या तिने तोच प्रोग्राम लाँगऐवजी नेमक्या ६४ बिटांचा प्रकार वापरून पुन्हा लिहावा. प्रिंटएफ या उत्तर छापणाऱ्या आदेशातला फॉरमॅटही त्याबरोबर बदलायला लागेल, तिथे पुष्कळ जण अडकतात. गुणाकाराआधी मर्यादा तपासणारी ओळही घालावी.

आणि हो, नवीन लॅपटॉप नको. आहे त्याच लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला ‘-m32’ हा पर्याय दिला की लाँग ३२ बिटांचा होतो, म्हणजे लॅबमधली चूक घरीच बघता येईल. त्यासाठी ३२ बिटांच्या लायब्ररी वेगळ्या टाकाव्या लागतात, पण त्या फुकट आहेत.